पेपरमिंटची नोंद

चॉकलेटच्या कारखान्यात चव घेणाऱ्या दोघीच होत्या. एक थोरल्या बाई, अठरा वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या. दुसरीला सगळे धाकटी म्हणत. नव्या मालकांना एकच खुर्ची ठेवायची होती. शुक्रवारी ते स्वतः परीक्षा घेणार होते, हरणारीची रवानगी पॅकिंगमध्ये. आणि धाकटीला अर्धशिशी होती.

डॉक्टरांनी तिला वही ठेवायला सांगितलं होतं. काय खाल्लं आणि डोकं कधी उठलं, एवढंच लिहायचं. सगळ्यांचा संशय चॉकलेटवर, पण ते बिचारं निर्दोष निघालं. खरा चोर होता जुनं, मुरलेलं चीज. ते सोडल्यावर दोन महिने डोकं शांत होतं. मग दोनदा असं उठलं, की ओकून ओकून अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं. दोन्ही दिवशी वहीत एकच नोंद होती, बाईंच्या डब्यातलं सँडविच. टोमॅटोचा सॉस आहे, निवांत खा, असं बाई म्हणाल्या होत्या. तिसऱ्या वेळी धाकटीने ते न खाता घरी नेऊन उघडलं. सॉसखाली किसलेलं जुनं चीज होतं. वही चाळली तर चीजच्याच पानावर कोकोचा अंगठा उमटलेला. ती स्वतः हात धुतल्याशिवाय वहीला शिवत नसे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांकडे जाऊन रडणं सोपं होतं, पण बाईंनी साळसूदपणे हात वर केले असते. केसाने गळा कापणाऱ्या बाईंना तिला त्यांच्याच चोरीत पकडायचं होतं. बुधवारी तिने वहीत ठळक अक्षरात लिहिलं, 'चीजपेक्षा पेपरमिंट वाईट. नुसत्या वासाने डोकं फुटतं.' मग वही कारखान्यातल्या नेहमीच्या खणात ठेवून दिली.

शुक्रवारी मालक यायच्या आधीच बाई अगदी तिला खेटून बसल्या. तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवून तिच्या तोंडावर बोलत राहिल्या, घरची चौकशी करत, फार मायेने. तिखट वासाचं काही खाऊन चव घ्यायची नाही, हे प्रत्येक नव्या बाईला त्यांनीच शिकवलेलं. पण दुसरीला आडवं पाडायची घाई झाली, की माणसाला स्वतःचे नियम कुठले आठवायला! धाकटी कपाळ दाबून जरा कण्हली. बाईंनी आणखी एक गोळी टाकली.

मालकांनी दोघींपुढे चार-चार वाट्या मांडल्या. धाकटीने तिसरी बाजूला सारली आणि कोको करपल्याचं सांगितलं. बाईंनी चारही चाखल्या, चारही उत्तम म्हणून सही ठोकली. तिसरी मालकांनी मुद्दाम करपवून आणली होती.

दुपारी बाई आपला खण रिकामा करायला आल्या. धाकटी टवटवीत दिसत होती. बाईंना राहवलं नाही.

"पण तुला तर पेपरमिंटने त्रास होतो ना?"

हे धाकटीने कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त वहीत लिहिलं होतं; आपण काय बोलून गेलो ते आता बाईंनाही कळलं. धाकटीने त्यांच्या डबीतली गोळी उचलून तोंडात टाकली.

"मला फार आवडतं, बाई," ती म्हणाली. "फक्त परीक्षेच्या आधी खात नाही."