तीस तारखेचे बुजगावणे

मी एक जुने बुजगावणे आहे. शेतातले नव्हे बरे का! शेत मी जन्मात पाहिलेले नाही. आयोवातल्या डे मॉइन शहरात ऑर्विल आजोबांच्या ओसरीवर, दाराच्या डाव्या अंगाला एक मोडकी खुर्ची आहे, तीच माझी जहागीर. माझ्या अंगात आजोबांची ठिगळे लावलेली डंगरी, डोक्यावर त्यांचीच भोके पडलेली हॅट, आणि पोटात पूर्वी मक्याच्या कणसांची वाळकी सालपटे ठासून भरलेली असायची. आजोबांच्या नातीने, हॅटीने, मला शिवले तेव्हा ती इतकी लहान होती की माझा एक डोळा कपाळावर गेला आणि दुसरा गालावर. पण मित्रांनो, त्यामुळे मला रस्त्याची दोन्ही टोके एकदम दिसतात!

एरवी वर्षभर मी तळघरात पडून असते. उंदीर माझ्या बाहीत बिऱ्हाड करतात, माझ्यावर ओल्या छत्र्या टाकल्या जातात. त्या दिवसांचे काय सांगायचे? मी वाट पाहते ती तीस ऑक्टोबरची. साऱ्या देशात हॅलोविन एकतीसला असतो, पण आमच्याकडची पोरे सोंगे घेऊन दारोदार फिरतात ती आदल्या संध्याकाळी. तिला म्हणायचे मागत्यांची रात्र. शिवाय इथे नुसता हात पसरून काही मिळत नाही. आधी विनोद सांगायचा, मग खाऊ. आजोबा हा कायदा इतका कडक पाळतात की एकदा चर्चमधल्या पाद्रीबुवांनाही त्यांनी विनोदाशिवाय लाडू दिला नव्हता.

ज्या वर्षाची गोष्ट मी सांगते आहे, त्या वर्षी सकाळपासून घरात नुसती धांदल होती. हॅटीची आई मार्लीन हाताला लोणी चोपडून गरम पाकातल्या मक्याच्या लाह्यांचे लाडू वळत होती आणि मधेच "भाजलं, भाजलं" करत नाचत होती. हॅटीने घरातल्या झाडून साऱ्या कागदी पिशव्या कापून त्यांची वटवाघळे केली. रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोके पाडून कंदील केले. आजोबा लाल भोपळे कोरत होते. एका भोपळ्याला त्यांनी हुबेहूब आमच्या पोस्टमनचे तोंड काढले होते. मला खुर्चीत बसवून हॅटीने माझी हॅट तिरकी केली, तेव्हा माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही.

दिवेलागण झाली. ज्या घराच्या ओसरीवर दिवा, त्या घरी जायचे, दिवा नसेल तर पुढे व्हायचे, ही इथली रीत. एकेक दिवा लागत गेला. समोरचे घर तेवढे अंधारात राहिले. तिथे गेल्याच आठवड्यात टेनेसीहून बकनर नावाचे कुटुंब राहायला आले होते. त्यांची लिडी हॅटीच्याच वयाची, पण तिची शाळा अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे तिला कुणी ओळखत नव्हते.

"दिवा बंद! कंजूष दिसतात," चाच्याचे सोंग घेतलेला शेजारचा डॅरिल म्हणाला.

"खिडकीत बघ की! घुबडाचे पंख वाळत घातलेत. कंजूष माणूस एवढे पंख कशाला करील?" हॅटी म्हणाली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! त्यांना वाटतंय उद्या आहे!"

ती धावतच रस्ता ओलांडून गेली आणि तिने दार बडवले. बकनर काकू खळीने बरबटलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"काकू, आज आहे! आजच!"

"काय आज आहे, पोरी?"

"मागत्यांची रात्र! दोनच तास असते. उद्या एकसुद्धा दार उघडणार नाही!"

"अगंबाई! आमच्याकडं कधी आदल्या दिवशी नसतं हो! मी खाऊसुद्धा कपाटात बांधून ठेवलाय उद्यासाठी!"

त्यांच्या मागे लिडी उभी होती. एका पंखाला कागदी पिसे, दुसरा नुसता पुठ्ठा. तिचे डोळे भरून आले. "राहू दे. मी नाही येत. अर्धं घुबड बघून सगळे हसतील."

मित्रांनो, मी इतकी वर्षे पोरांना ओसरीवर हसताना पाहिले होते. न आलेले मूल कसे दिसते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि मला फार वाईट वाटले.

हॅटी ऐकते थोडीच! तिने लिडीला हाताला धरून आमच्या ओसरीवर आणले. पण पिसे कशाची करायची? कागद तर सगळा वटवाघळांनी खाल्ला होता. हॅटीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि मग तिची नजर माझ्या पोटावर येऊन थांबली. खरे सांगते, मी घाबरले.

"हॅटी, कात्री खाली ठेव!" मार्लीन ओरडली. "आजोबांचं बुजगावणं आहे ते!"

"फाड गं," आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं नुसतं बसून आहे. आज जरा कामाला येऊ दे."

कर्रकन माझी शिवण उसवली. मग काय विचारता! बकनर काकूंनी सुईदोरा घेतला, मार्लीनने लाडू सोडले, आजोबा लांब सालपटे वेगळी काढून देऊ लागले. लिडी हात पसरून उभी, आणि जो तो तिला काहीतरी टाचतोय. बघता बघता ती सोनेरी पिसांचे घुबड झाली. हलली की सळसळ वाजायची. माझे पोट मात्र पाठीला लागले आणि हॅट नाकावर घसरली.

"झकास! आता विनोद," आजोबा लाडवाचे ताट पुढे धरून म्हणाले.

"मला एकही येत नाही," लिडी पुटपुटली.

हॅटी तिच्या कानाशी लागली. "कुजबुज चालणार नाही!" आजोबांनी डोळे वटारले. मागे चाचे, भुते, चेटकिणी खोळंबल्या होत्या. आता ही पोर रडत घरी पळणार, असे मला वाटले.

लिडीने माझ्याकडे पाहिले. आपल्या पंखांकडे पाहिले. मग ती म्हणाली, "आजोबा, तुमचं बुजगावणं बिघडलंय."

"आँ? काय झालं त्याला?"

"पाखरांना हाकलायचं सोडून त्यांना पिसं वाटत बसलंय!"

 आजोबा असे हसले, असे हसले की ताट मार्लीनला सावरावे लागले. सगळी रांग खिदळली. लिडीला एक सोडून दोन लाडू मिळाले. बकनर काकूंनी धावत जाऊन आपल्या ओसरीवरचा दिवा लावला, तशी पोरांची झुंड तिकडे वळली. "आधी विनोद सांगा हं!" त्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला. काकू कायदा फार लवकर शिकल्या!

लिडी आणि हॅटी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होत्या. प्रत्येक दारात लिडी तोच विनोद सांगत होती, आणि प्रत्येक दारातून हसू येत होते. वाटेत तिची दोन-चार पिसे गळली. ती उचलायला ती थांबलीसुद्धा नाही.

आता माझ्या पोटात जुनी वर्तमानपत्रे आहेत. पावसाळी हवेत ती दमट होतात आणि मी एका अंगाला कलते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू फाटल्या म्हणून फेकून देऊ नका. टाका घाला, ठिगळ लावा, आमच्यात अजून द्यायला बरेच काही असते. पण तुम्हाला घाई असेल तर माझे राहू द्या. तुमच्या आळीत कुणी नवीन राहायला आले असेल, तर आधी तिकडे जा आणि आपला सण कोणत्या दिवशी असतो ते त्यांना सांगून या. तेवढा वेळ मी कलून बसेन.