परत न करायचे पैसे

धोंडूबाईने सही करायला साफ नकार दिला आणि चौक गावात सखाच्या घरी दिवाळीचा उरलेला फराळ कुणाला गोड लागेना.

तसं काम अगदी किरकोळ होतं. सखाची लेक हर्षला इंग्लंडात असते. जावई धनेश तिकडचाच झालेला, आणि त्याची बायको म्हणून हिला तिथं राहायची परवानगी. ती या महिनाअखेरीस संपत होती. वाढवून घ्यायची तर घरात पुरेसा पैसा येतो हे तिकडच्या सरकारला दाखवावं लागतं. नेमकी धनेशची कंपनी बंद पडली आणि नवी नोकरी मिळाली ती कमी पगाराची. तेव्हा तिकडच्या वकीलबाईंनी दुसरी वाट सांगितली होती, की पगार कमी पडतो तर शिल्लक दाखवा, पण ती सहा महिने खात्यातून हलता कामा नये. सखाचं जुन्या हायवेवर टायरचं दुकान आणि गावात थोडी भातशेती. त्याने होतं नव्हतं ते सगळं लेकीच्या खात्यात भरलं. तरी चार लाख कमी पडले. ते त्याच्या थोरल्या बहिणीने, साजगावच्या धोंडूबाईने, न मागता भरून टाकले. कारखान्यातल्या कामगारांना जेवू घालणारी तिची खानावळ आहे.

सहा महिने सुखात गेले. आता अर्ज भरायच्या वेळी वकीलबाईंना देणाऱ्यांचं लेखी हवं होतं. हे उसने नाहीत, भेट आहे, आम्ही कधीही परत घेणार नाही, एवढंच. सखाने आपल्या कागदावर न वाचताच सही ठोकली होती. बहीणही तशीच ठोकेल असं तो धरून चालला होता. तर तिने फोनवर मजकूर ऐकला, मला नाही जमायचं म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

सखाचं डोकं फिरलं. म्हातारीला पैशाची हाव सुटली, असं तो बायकोला, सोनुबाईला, तणतणत सांगू लागला. सोनुबाईने त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातात ठेवली. खोपोलीपर्यंत सखा मनातल्या मनात बहिणीला सुनावत होता. पुढे मात्र त्याला विमानतळाबाहेर सामानाची गाडी ढकलत एकटीच येणारी हर्षला दिसायला लागली. राग गळून गेला आणि नुसती भीती उरली.

धोंडूबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. सखाने कागद पुढे केला, तारीख सांगितली, हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"सख्या, खरं बोल. भात विकलंस की पैसं कुणाला द्यायचं ठरवलंस?"

सखा हातातल्या कागदाची घडी घालू लागला.

"मी वळकते तुला. थोडं थोडं करून माझं चार लाख फेडणार तू. आन मी हितं लिवून देऊ, परत घेणार नाय म्हणून? खोटं लिवू सायबाला? त्याच्या ध्यानात आलं आन त्यानं पोरीला माघारी धाडली, तर?"

हे कुणाला कळणार आहे, असं सखा पुटपुटला. मग त्याने सगळंच ओकून टाकलं. भावाने द्यावं आणि बहिणीने घ्यावं, हीच रीत त्याला ठाऊक. भाऊबीजेला ओवाळून घेतलं त्याच बहिणीचे चार लाख गिळून बसायचं, तर आरशात तोंड कसं बघायचं? बोलता बोलता त्याचा आवाज चढला. इतका वेळ बहिणीच्या नावाने बोटं मोडली, आणि अडून बसला होता तो हाच.

"ती तुझी लेक, तशी माझी भाची नाय का?" धोंडूबाई म्हणाली. "तू दिलंस तर माया, आन मी दिलं तर उधारी? आदी तू बोल, परत देणार नाय. मंग मी लिवते."

खात्यातली सगळी पुंजी लेकीला देताना सखाला इतकं जड गेलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी धोंडूबाई ती उलटेना आणि हा तोंड उघडेना.

"नाय देणार," शेवटी तो म्हणाला. "ताय, खरंच नाय देणार."

धोंडूबाईने पदराला हात पुसले, चष्मा शोधला आणि सावकाश सही केली. करपलेली भाकरी तिने स्वतःला घेतली, भावाला दुसरी टाकली.

जानेवारीत व्हिसा आला. हर्षलाने पहिला फोन आत्याला केला, बापाला नंतर, आणि सखाला त्याचं बरंच वाटलं. पेढे घेऊन तो साजगावला गेला. भात नुकतंच विकलं होतं आणि नोटा आतल्या खिशात होत्या. कागद आता इंग्लंडात फायलीला लागलेला, विचारायला कोण येणार होतं? निघताना दारात त्याचा हात खिशाकडे गेला. धोंडूबाई बघत राहिली, बोलली काही नाही.

सखाचा हात रिकामाच बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते, म्हणून तो घाईने वाकून तिच्या पाया पडला.

"थांब रं," म्हणत ती आत गेली आणि भरलेला डबा घेऊन आली. "सोनुला दे. आन डबा तेवढा परत आण."