जुनी कपाटं, समोरची भिंत

स्वयंपाकघराची तोडफोड सुरू झाली आणि सासूबाईंचा पाय घरात एका जागी ठरेना. त्यांची नजर अधू झाली होती, तरी आजवर हाताच्या सवयीने त्या मीठ-साखर अचूक काढत. जुनी कपाटं सुनेने हौसेने ठेवली होती. फक्त उजेड वाढावा म्हणून सुताराने ती खिडकीच्या भिंतीवरून समोरच्या भिंतीवर नेली. आता सासूबाई दिवसभर भिंती चाचपत या खोलीतून त्या खोलीत फिरायच्या. त्यांना पाहून सुनेचाही जीव थाऱ्यावर राहीना.

त्यात फरशीचा घोळ. नवऱ्याला चकचकीत हवी होती. “आरशासारखी दिसेल,” तो म्हणाला.

“आणि आई घसरल्या म्हणजे?”

सुनेने फरशीचे नमुने जमिनीवर मांडले आणि सासूबाईंना हाताला धरून त्यांवरून अनवाणी चालवलं. एका खरबरीत तुकड्यावर त्या थांबल्या.

“ही घे. पाय धरून ठेवते.”

“बरं. आणि कपाटंही पुन्हा जुन्या जागी लावायला सांगते.”

“नको गं, उजेड तुला हवा. नवी जागा मी करीन पाठ. मला कोणी काही विचारतच नव्हतं, म्हणून घर परकं वाटत होतं.”

सून खजील झाली. कपाटं तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी सुतार कपाटांना नव्या मुठी बसवायला आला, तेव्हा सासूबाई आधीच स्टूल टाकून बसल्या होत्या.

“जरा खाली घे,” त्यांनी हात वर करून फर्मावलं, “माझा हात पोचला पाहिजे.”