उन्हातला कप

मेकॅट्रॉनिक्सच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या, प्रयोगशाळेत तिला सगळे काकू म्हणत. बरोबरची पोरं कालपरवा पदवी घेऊन आलेली, आणि ही बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात कैक वर्षं यंत्रं सांभाळून, बिनपगारी रजा टाकून पदव्युत्तर शिक्षणाला आलेली. आज तिची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर पुढच्या आठवड्यात कामावर रुजू. नाही तर रजा संपली आणि तिच्याबरोबर नोकरीही.

"हत्ती गेला, शेपूट राहिलंय," सकाळी डबा हातात देत नवरा म्हणाला होता. "आज तरी कुणाशी भांडू नकोस."

"मी कधी भांडते?" तिने विचारलं. तो स्वतःचा डबा भरायला वळला.

भांडण प्रयोगशाळेतल्या टेबलावर तयारच होतं. तिने बनवलेला यंत्राचा हात कॅमेऱ्याने बघून वस्तू उचलतो, असं प्रबंधात लिहिलेलं. पण या प्रयोगशाळेची रीत निराळी. परीक्षेच्या दिवशी टेबलावर हिरव्या चिकटपट्टीची फुली मारायची, कप बरोबर फुलीवर ठेवायचा, आणि हाताकडून तेवढी जागा आधीच घोकून घ्यायची. कॅमेऱ्याचा दिवा नुसता शोभेला. हात ऐटीत कप उचलतो, परीक्षक मान डोलावतात. आजवर सगळे असेच तरून गेले होते.

"तुमचा हात खरंच बघायला लागला की चुकतो," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. सर तिच्याहून वयाने लहान, म्हणून अहोजाहो करत; ऐकायचं मात्र तिनेच. "ऊन आलं की आंधळाच होतो. विषाची परीक्षा कशाला घ्यायची? फुली मारलीय, तिथेच ठेवा."

तिने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे सरांनी विचारलं नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खुर्चीवर टेकल्या, तशी तिने नखाने पट्टी उचकटली, चुरगळून खिशात कोंबली आणि कप बाईंच्या हातात दिला. सरांकडे तिने बघितलंच नाही.

"तुम्हीच ठेवा, मॅडम. कुठेही."

बाईंनी ठेवला तो नेमका खिडकीतल्या उन्हात. हात वळला, थबकला, आणि कपाशेजारची हवा घट्ट पकडून ऐटीत वर गेला. मागे पोरांत कुणीतरी फिसकन हसलं.

"अरे, पडदा ओढा कुणीतरी," सर घाईने म्हणाले.

"नको, सर." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "कारखान्यात खिडक्या असतात. मॅडम, कपावर ऊन चमकतं, आणि त्या चकाकीलाच हा कपाची कड समजतो. मला ते अजून सुटलेलं नाही."

"मग प्रबंधात हे का नाही?"

"होतं. अख्खं प्रकरण होतं. काढायला लावलं."

कुणी लावलं, ते बाईंनी विचारलं नाही. सर चष्मा पुसायला लागले होते, तेवढं पुरे होतं.

"ते प्रकरण परत घाला," बाई उठता उठता म्हणाल्या. "हा घोळ सोडवा, मग मी पुन्हा येते. सहा महिन्यांनी."

गेली नोकरी. आता घरी काय सांगायचं? पण सरांसमोर रडायचं नाही, म्हणून तिने कप उचलून पुन्हा उन्हात नीट ठेवला.

बाई जिना उतरल्या आणि सर उसळले. "जे सगळे मुकाट्याने करतात, ते तुम्हालाच जड जातं? हातातोंडाशी आलेली पदवी घालवलीत, नोकरी घालवलीत. मिळवलंत काय?"

"सहा महिने," ती म्हणाली. सर तणतणत पडदा ओढायला निघाले, तशी ती त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. "आणि तो पडदा राहू द्या, सर. ऊन आहे तोवर मला काम करायचंय."