राखेनं घासलेली काच

केरबाचा राग सदा नाकावर आणि माया पोटात. ती कधी ओठावर आलीच नाही. बायको गेल्यावर घरात तो आणि लेक योगिनी, दोघंच. योगिनी सोलरच्या कामात तरबेज. पिसादेवी गावातल्या आपल्या घरावर पॅनल बसवताना तिनं बापाला समजावलं होतं: निळ्या पॉली पॅनलला जागा जास्त लागते, पातळ फिल्मच्या पॅनलला त्याहून जास्त, आणि आपलं छत केवढंसं, म्हणून एकाच स्फटिकातून कापलेले काळे मोनो सेल घेऊ. केरबाला ओ की ठो कळलं नाही, पण लेक बोलतेय म्हणून तो मान डोलावत राहिला.

पुढं तिनं परजातीत लग्न केलं आणि केरबा नको ते बोलून बसला. योगिनी पुण्याला गेली. दोन वर्षं बोलणं बंद.

तिच्यासोबत काम केलेल्या बिभीषणनं एकदा सहज सांगितलं, की ती अजून रोज संध्याकाळी मोबाइलवर या घराची वीज किती झाली ते बघते. म्हाताऱ्याला उद्योग मिळाला. माफी मागायला जीभ रेटत नव्हती, निदान आकडा तरी चांगला जावा. पण आजूबाजूला इमारती उठत होत्या, सिमेंटची धूळ छतावर बसत होती आणि दुष्काळात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. भांडी कोरडीच घासायची, तसंच त्यानं पॅनलही घासलं. राख आणि नारळाची शेंडी घेऊन, रोज सकाळी, घाम निघेपर्यंत.

इन्व्हर्टरवरचा आकडा उतरू लागला तसा त्यानं आणखी जोर लावला. शेवटी बिभीषणला बोलावलं.

आतले सेल ठणठणीत होते. काच मात्र चरे पडून पांढुरकी झाली होती, ऊन आत पोचत नव्हतं. "काका, राखेनं घासलं व्हय?"

केरबाला वेगळंच विचारायचं होतं. "आकडा पडल्याला तिला दिसला असंल का रं?"

बिभीषणनं नाइलाजानं सांगितलं. महिन्यापूर्वी योगिनीचा फोन आला होता. अप्पांनी मुद्दाम पॅनल कशानं तरी झाकलंय, त्यांना माझी एवढीही खूण नको, म्हणत ती रडली होती. त्याच दिवशी तिनं हे घर मोबाइलमधून काढून टाकलं.

केरबा म्हणाला, "लाव फोन."

तिनं उचलला. अप्पांना बोलायचंय, असं बिभीषणनं म्हटल्यावर ती म्हणाली, "पॅनल काढायचं असंल तर काढा म्हणावं." आणि ठेवला. बिभीषणनं पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना.

केरबानं फोन हातात घेतला आणि त्या घंटेलाच सांगत राहिला, "म्या घासत व्हतो गं, बाई. तुझ्यासाठीच रोज घासत व्हतो."