अबोल्याचा फालसा

आमच्या घरात अबोला धरणं हा आईचा हक्क आणि निरोप पोचवणं हे माझं काम. दादा, म्हणजे माझे वडील, समोर बसलेले असले तरी ती मला म्हणायची, "सांग तुझ्या दादांना, चहा झालाय." दादांना ऐकू गेलेलं असायचं. तरी मी सांगायचे, नाहीतर दोघंही माझ्यावरच डाफरायची.

पंचवटीतल्या आमच्या भाड्याच्या घरामागे हातभर परसात फालशाचं झुडूप होतं. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, वणीहून ते ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेलं. त्याच पावसाळ्यात आजोबा गेले. आईला ना भाऊ ना बहीण. माहेर म्हणून उरलं ते एवढं झुडूप.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत त्याची सगळी पानं झडली, नुसत्या काड्या राहिल्या. दादा कारकून माणूस, टापटिपीचे भारी. आई शेजारच्या भागीबाईंबरोबर बाजारात गेली होती. दादांनी "वाळलं बिचारं" म्हणत झुडूप गुडघ्याएवढं छाटलं आणि काड्या बंबात घातल्या. आई आल्यावर वर तिलाच म्हणाले, "पाणी कढत आहे, अंघोळ उरकून घे."

आई परसात जाऊन आली. "माझ्या बापाचं झाड बंबात घातलं! सांग तुझ्या दादांना, आता माझ्याशी बोलायचं काम नाय."

हा अबोला नेहमीचा नव्हता. निरोपसुद्धा बंद झाले. दादा कचेरीत जाण्याआधी गुपचूप त्या खुंटांना तांब्याभर पाणी घालायचे. ही दोघं आता कधीच बोलणार नाहीत, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

होळीच्या सुमारास खुंटांना धुमारे फुटले. मग पिवळी फुलं आली, आणि वैशाखात फालसा असा लगडला की पानं दिसेनात. बुलबुलांनी नुसता गोंधळ मांडला. वाटी घेऊन गेलेली आई त्यांची भांडणं बघून हसत सुटली आणि ओरडली, "अहो, बघा तरी! लय लागलाय!"

दादा दारातच उभे होते. मला म्हणाले, "सांग तुझ्या आईला, बघतोय."

फालसा नव्या फुटीवर धरतो, हे आम्हाला असं कळलं. मग दर जानेवारीला दादा छाटणी करायचे आणि आई ठसक्यात म्हणायची, "सांग तुझ्या दादांना, माझं झाड तोडलं. आजपासून अबोला!" तो संध्याकाळच्या चहापर्यंत टिकायचा.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत दादा गेले. त्या जानेवारीत कोयत्याला कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात चार फळं धरली. बुलबुल आले, इकडेतिकडे बघून उडून गेले. आई बघत राहिली.

पुढच्या जानेवारीत मी सिन्नरहून माहेरी गेले, तर परसात काड्यांचा ढीग आणि आईच्या हातात कोयता. तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"सांग तुझ्या दादांना," ती म्हणाली, "औंदा मी तोडलं."

दादांचा फोटो समोरच भिंतीवर होता. त्यांना ऐकू गेलेलंच असणार. तरी मी सांगितलं.