अंकुर गप्प झाला तेव्हा

अंकुर सकाळपासून रडत होता. वर्षाचंही नव्हतं लेकरू. दूध तोंडात घेई, ओकून टाकी आणि पाय पोटाशी ओढून पुन्हा किंचाळे. मंजुषाने त्याला खांद्यावर घेतलं, झोळीत टाकलं, अंगणात फिरवलं. मेडशी गावातली अर्धी आळी डोकावून गेली.

"दृष्ट लागली याले," सासू सोजरबाई म्हणाल्या. मीठ-मिरच्या ओवाळून त्यांनी चुलीत टाकल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या, घर धुराने भरलं, पण कोणालाच ठसका आला नाही. "पाह्य, किती जबर लागली होती!" सोजरबाईंचा आवाज खाली आला.

दुपार कलली आणि अंकुर एकाएकी गप्प झाला. झोप काही लागली नव्हती त्याला. उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे पाहत पडला होता. मंजुषाने त्याचा हात उचलून सोडला, तो तसाच खाली पडला.

"उतरली एकदाची," म्हणत सोजरबाईंनी चहा ठेवला.

मंजुषाच्या अंगावर मात्र काटा आला. मांडीवरचं लेकरू तिला दुसऱ्याच कोणाचं वाटू लागलं. तिने लंगोट सोडला. उजव्या जांघेत बोराएवढी टणक गाठ, वरची कातडी लालजांभळी. त्या बाजूची अंडाची पिशवी रिकामी. ती जन्मापासूनच रिकामी होती. सहा महिन्यांचा झाला की डॉक्टरांना दाखवा, असं लस देणाऱ्या सिस्टरने बजावलंही होतं. पण सोजरबाईंचं एकच म्हणणं, "माह्या विकासचीबी गोटी उशिराच उतरली. येते खाली आपोआप."

"आई, मी याले वाशीमले नेतो."

"आता कायले? गप झाला ना तो!"

"म्हणूनच."

विकास सोयाबीनची मळणी टाकून आला. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये अंकुर. खड्ड्यांचे धक्के बसत होते, तरी तो हूं की चूं करेना. मंजुषा सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून बघत होती.

वाशीमला त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले. "गोटी खाली उतरलीच नव्हती. जांघेत अडकली आणि तिथेच पिळली. रक्त पोचेना, काळी पडली. काढावी लागली. दुसरी चांगली आहे, ती टाके घालून पक्की केली. पुढे मूलबाळ व्हायला एक पुरते."

मंजुषाने विचारलं, "पण साहेब, इतकं दुखत होतं, मंग तो गप काहून झाला?"

डॉक्टर म्हणाले, "जे दुखत होतं, ते मेलं होतं."

दिवाळीपर्यंत अंकुर भिंतीला धरून चालायला लागला. पण खेळता खेळता तो कधी थांबला, नुसताच कुठेतरी पाहत बसला, की मंजुषा हातातलं काम टाकून धावे आणि त्याला चिमटा काढी. तो भोकाड पसरी. मग कुठे तिचा जीव भांड्यात पडे.